उपग्रह डिजिटल प्रसारणासाठी जमिनीवरचे रिपीटर : आराखडा कसा आखायचा

उपग्रहावरून थेट गाडीतल्या किंवा हातातल्या रिसीव्हरला डिजिटल रेडिओ किंवा व्हिडिओ पोहोचवायचा असेल, तर मोकळ्या रस्त्यावर उपग्रह एकटा पुरतो. उंच इमारतींच्या गल्लीत शिरलात की पुरत नाही. ती उणीव भरून काढायला जमिनीवर जे प्रक्षेपक लावतात ते रिपीटर, म्हणजेच गॅप फिलर.

उणीव केवढी ते आधी आकड्यांत पाहा. भूस्थिर उपग्रहापासून जमिनीपर्यंत २.३ गिगाहर्ट्झला मार्गातली घट सुमारे १९१ डीबी होते (डीबी हे शक्तीच्या पटीचं माप: दर १० डीबीला दहापट). एका वाहकाची (सिग्नल वाहून नेणाऱ्या एका वारंवारतेची) ईआयआरपी, म्हणजे अँटेनाच्या झोतासकट धरलेली प्रक्षेपणाची शक्ती, ६६ डीबीडब्ल्यू (एका वॅटच्या तुलनेत) आणि गाडीवरच्या अँटेनाची वाढ २ डीबीआय धरली, तर हाती येतात उणे ९३ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत). ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चांगल्या रिसीव्हरची गोंगाटाची पातळी उणे १०५ च्या आसपास असते. म्हणजे सिग्नल गोंगाटापेक्षा १२ डीबीने वर. निम्मे बिट चूक दुरुस्तीला देणाऱ्या (निम्मा कोड दर) क्यूपीएसके या मॉड्युलेशनला त्यातले साधारण ४-५ डीबी लागतात, आणि शिल्लक राहतात ७-८. काँक्रीटची एक इमारत मध्ये आली की २० डीबी सहज जातात. उपग्रहाची शक्ती थोडी वाढवून हा हिशेब जुळणार नाही.

नवख्याची पहिली चूक नेमकी इथेच होते. सिग्नल कमी पडतो, तर भरपूर शक्तीचे रिपीटर ठोकून द्यावेत, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात या कामात शक्तीचा प्रश्न लवकर सुटतो. डोकेदुखी असते ती वेळेची आणि शेजाऱ्यांना होणाऱ्या त्रासाची.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- उपग्रहाची माहिती: सेवाक्षेत्रातला ईआयआरपी नकाशा, प्रत्येक शहरातून दिसणारा उंची कोन आणि दिशा, ध्रुवण (लहरींच्या कंपनाची दिशा), वाहकांची नेमकी मांडणी.
- रिसीव्हरचा तपशील: लागणारं सी/एन (सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर), शेजारच्या वाहकाला तोंड देण्याची क्षमता, किती जोरदार सिग्नलला त्याचा पुढचा टप्पा (अँटेनाला लागून असलेला अँप्लिफायर) संपृक्त होतो तो आकडा. तिसरा आकडा बहुतेक वेळा कागदावर नसतो. मागून घ्या, नाहीतर प्रयोगशाळेत मोजा.
- भूरूपाचा डेटा: उपनगर आणि महामार्गासाठी २०-३० मीटरची जाळी चालते. दाट वस्तीसाठी इमारतींच्या उंचीसकट २-५ मीटरची हवी.
- मोजणीची सामग्री: छतावर अँटेना बसवलेली गाडी, सी/एन नोंदवणारा रिसीव्हर, जीपीएस, स्पेक्ट्रम अॅनालायझर, चाचणीसाठी सीडब्ल्यू (एकाच वारंवारतेचा अखंड सूर देणारा) प्रक्षेपक.
- परवान्याच्या अटी. शेवटी नव्हे, पहिल्याच दिवशी वाचा.

१. खड्डे शोधा, शहर रंगवू नका

रिपीटरचं काम संपूर्ण शहर व्यापणं नाही. उपग्रह जिथे पोहोचत नाही तेवढाच भाग त्याचा. म्हणून पहिला नकाशा सावल्यांचा काढायचा.

सावलीची लांबी म्हणजे इमारतीची उंची भागिले उंची कोनाचा टँजंट. ३० मीटरच्या इमारतीची सावली ६०° कोनाला १७ मीटर, ४५° ला ३० मीटर आणि २५° ला ६४ मीटर पडते. पहिल्या सावलीत फुटपाथ झाकला जातो, तिसरीत अख्खा रस्ता. किती रिपीटर लागणार हे त्यामुळे शहराच्या आकाराइतकंच कोनावरही ठरतं. अमेरिकेत २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सुरू झालेल्या दोन उपग्रह रेडिओ सेवांत हा फरक उघड दिसला. एक्सएमचे उपग्रह विषुववृत्तावर भूस्थिर होते. सिरियसने तीन उपग्रह लंबवर्तुळाकार टुंड्रा कक्षेत ठेवले, त्यामुळे ते उत्तरेकडे आकाशात बरेच उंच दिसत. सिरियसचं एक्सएमपेक्षा खूप कमी रिपीटरांत भागलं.

दिशाही पाहा. उपग्रहाच्या दिशेने जाणारा रस्ता दोन्ही बाजूंना उंच इमारती असूनही उघडा राहतो. त्याला काटकोनात छेदणारा रस्ता मात्र अंधारात जातो. सेवा दोन उपग्रहांवर असेल तर दोघांच्या सावल्या वेगवेगळ्या काढा. दोन्ही एकाच वेळी झाकले जातात तोच खरा खड्डा.

यानंतर गाडी फिरवा. नोंदी घेताना सावलीचे दोन प्रकार वेगळे ठेवा. झाडं, छोटे पूल, पाट्या यांची सावली क्षणभराची असते. दोन उपग्रहांच्या सेवेत एकाचा प्रवाह सुमारे ४ सेकंद उशिरा पाठवतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात गाडी ६६ मीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे असा खड्डा ऐकणाऱ्याला कळतही नाही. इमारतींची सलग सावली, बोगदा आणि उड्डाणपुलाखालचा वाहतुकीचा सिग्नल ही वेगळी जात. वाहतुकीच्या सिग्नलला गाडी दीड मिनिट उभी राहिली की ४ सेकंदांच्या उशिराचा काहीच उपयोग नाही. चौकांत मुद्दाम थांबून मोजा. धावत्या गाडीतून घेतलेली सरासरी नेहमी खोटा दिलासा देते.

झाडांना भरपूर पानं असताना मोजणी करा. पानगळीत काढलेला नकाशा पुढच्या हंगामात फसवतो.

२. आपली यंत्रणा कोणत्या जातीची आहे ते ओळखा

पुढचे सगळे निर्णय यावर अवलंबून आहेत, आणि जाती ढोबळमानाने तीन.

पहिलीत उपग्रह आणि रिपीटर वेगवेगळ्या वाहकांवर असतात. उपग्रहाकडून टीडीएम (एका वाहकावर वेळ वाटून), जमिनीवरून ओएफडीएम (अनेक बारीक उपवाहकांवर वाटून). अमेरिकेतला उपग्रह रेडिओ आणि डीव्हीबी-एसएच या हातातल्या रिसीव्हरांसाठीच्या उपग्रह प्रसारणाच्या मानकातला एसएच-बी हा प्रकार असा चालतो. एसएच-ए प्रकार दुसऱ्या जातीचा: दोन्हीकडे ओएफडीएम आणि हवं तर तीच वारंवारता, म्हणजे उपग्रह आणि सगळे रिपीटर मिळून एकच एसएफएन (एकाच वारंवारतेचं जाळं). तिसरी जात सीडीएमची (एकाच पट्ट्यात कोडने वेगळे केलेले सिग्नल), आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या (आयटीयू) शिफारशीत जिला सिस्टिम ई म्हणतात. कोरिया आणि जपानमध्ये २६३० ते २६५५ मेगाहर्ट्झवर एमबीसॅट उपग्रहातून ती चालवली गेली. तिथे रिसीव्हर रेक पद्धतीने, म्हणजे वेगवेगळ्या वेळी आलेल्या प्रती जुळवून, उपग्रह आणि रिपीटर यांचे सिग्नल एकत्र करी.

पहिल्या जातीत स्पेक्ट्रम जास्त लागतो, पण उपग्रह आणि जमीन यांच्या वेळा मायक्रोसेकंदात जुळवाव्या लागत नाहीत. रिसीव्हरच्या बफरमध्ये बसल्या की झालं. दुसरीत स्पेक्ट्रम वाचतो आणि त्याची किंमत सहाव्या पायरीत चुकवावी लागते.

३. रिपीटरचा प्रकार निवडा

सर्वात मोहात पाडणारा प्रकार म्हणजे त्याच वारंवारतेवर ऐकून तिथेच मोठ्याने बोलणारा थेट अँप्लिफायर. स्वस्त, सुटसुटीत, वेगळा फीड (रिपीटरपर्यंत कार्यक्रम आणणारी वेगळी वाट) नको. पण हिशेब करून पाहा. ६० सेंटिमीटर डिशची वाढ २.३ गिगाहर्ट्झला साधारण २० डीबी असते, म्हणजे तिच्या टोकाला उणे ७५ डीबीएम मिळतात. गच्चीवर डिश आणि प्रक्षेपण अँटेना यांच्यात नीट काळजी घेतली तर ८५ डीबी विलगता (एकाचा सिग्नल दुसऱ्यात शिरेपर्यंत होणारी घट) मिळेल. अँप्लिफायरची वाढ विलगतेपेक्षा १५ डीबी तरी कमी ठेवायलाच हवी, नाहीतर तो स्वतःचाच आवाज ऐकून शिट्टी मारू लागतो. म्हणजे वाढ ७० डीबी आणि बाहेर पडणार उणे ५ डीबीएम, एक मिलिवॅटही नाही!

त्याच यंत्राची डिश डोंगरावर आणि प्रक्षेपण बोगद्यात ठेवलं, तर विलगता १२०-१३० डीबीपर्यंत जाते आणि बोगद्यातल्या लीकी केबलला (लांबीभर सिग्नल झिरपू देणारी केबल) एखादा वॅट देता येतो. थेट अँप्लिफायर बोगदे, तळघरं, बंद सभागृहं यांसाठी ठेवा. उघड्या शहरात तो नको.

शहरासाठी फीड घेऊन सिग्नल नव्याने घडवणारा रिपीटर लागतो. फीड केयू पट्ट्यात (१२ गिगाहर्ट्झच्या आसपास) उपग्रहावरून किंवा फायबरवरून येतो, रिपीटर तो उलगडतो आणि एस पट्ट्यात (२ ते ४ गिगाहर्ट्झ) ताजा सिग्नल तयार करून पाठवतो. गोंगाट पुढे ढकलला जात नाही, विलगतेचा प्रश्न जवळपास संपतो आणि शंभर वॅटही काढता येतात. कोरियाच्या यंत्रणेत दोन्ही प्रकार होते: मोठ्या जागांना १२ गिगाहर्ट्झचा फीड, छोट्या कोपऱ्यांना थेट अँप्लिफायर.

४. जमिनीवरचं लिंक बजेट

लिंक बजेट म्हणजे प्रक्षेपकापासून रिसीव्हरपर्यंतचा शक्तीचा जमाखर्च. एक नमुना सोडवून दाखवतो, आकडे आपापले घाला. पट्टा ५ मेगाहर्ट्झ, वारंवारता २.२ गिगाहर्ट्झ, अँटेना रस्त्यापासून ४० मीटर उंच.

- रिसीव्हरचा गोंगाट, नॉइज फिगर (रिसीव्हर स्वतः घालतो तो गोंगाट) ३ डीबी धरून: उणे १०४ डीबीएम
- धावत्या गाडीत, रॅले वाहिनीत (थेट किरण नाही, फक्त परावर्तनं) लागणारं सी/एन: ८ डीबी
- अंमलबजावणीतली तूट: २ डीबी
- सावलीसाठी राखीव, ९९ टक्के ठिकाणी, प्रमाण विचलन ५.५ डीबी: १३ डीबी
- रस्त्यावर हवी असलेली मध्यम पातळी: उणे ८१ डीबीएम

रिपीटरची ईआयआरपी १ किलोवॅट, म्हणजे ६० डीबीएम असेल, तर मार्गात १४१ डीबी घट सोसेल. कॉस्ट-२३१ हाटाच्या दाट शहराच्या सूत्राने हे अंतर जेमतेम १ किलोमीटर येतं. आता ईआयआरपी दहापट करा. अंतर येतं २ किलोमीटर. दहापट वीज, दहापट उष्णता, शेजाऱ्यांना दहापट त्रास, आणि पदरात दुप्पट त्रिज्या. दाट वस्तीत मध्यम शक्तीचे जास्त रिपीटर सहसा सरस ठरतात ते यामुळे.

हे सूत्र २००० मेगाहर्ट्झपर्यंतच वैध आहे. त्यापुढे ते फक्त पहिल्या अंदाजाला वापरा. अंतिम आराखड्यासाठी आयटीयूची पी.१८१२ पद्धत किंवा इमारतींवरून किरण मोजणारं सॉफ्टवेअर घ्या, आणि ते सीडब्ल्यू चाचणीने जुळवून घ्या. चाचणीत दर ४० तरंगलांब्यांत, म्हणजे या वारंवारतेला साधारण साडेपाच मीटरमध्ये, ३६ ते ५० नमुने हवेत. मोजमाप आणि अंदाज यांतल्या फरकाचं प्रमाण विचलन ८ डीबीपेक्षा जास्त येत असेल, तर मॉडेलला दोष देण्याआधी इमारतींचा डेटा तपासा. तो जुना असण्याची शक्यता दांडगी.

हातातल्या उपकरणावर, घराच्या आत सेवा द्यायची असेल तर वरच्या बजेटमध्ये भिंतीसाठी आणखी १० ते २० डीबी घाला. मग किती रिपीटर लागतात ते पाहून बऱ्याच योजना परत गाडीपुरत्या होतात.

५. जागा आणि उंची : सर्वात उंच टॉवर सहसा चुकीचा

टीव्ही प्रसारणातून आलेल्या माणसाचा हात आपोआप शहरातल्या सर्वात उंच मनोऱ्याकडे जातो. इथे आवरा. फार उंच अँटेना इमारतींच्या मधल्या गल्ल्यांत नीट उतरत नाही, आणि लांबवर जिथे उपग्रह व्यवस्थित ऐकू येतो तिथेही लुडबुड करते. भोवतालच्या सरासरी छतापेक्षा ५ ते १५ मीटर वर ही बहुतेक ठिकाणी कामाची उंची. झुकाव असा ठेवा की मुख्य झोताचा मध्य खड्ड्याच्या बाहेरच्या कडेवर पडेल.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. रिपीटरची ईआयआरपी १२ किलोवॅट असेल आणि गाडी झोतात १०० मीटरवर उभी असेल, तर तिला उणे ९ डीबीएम मिळतात. उपग्रहाकडून मिळत होते उणे ९३. ८४ डीबींचा फरक! आपला रिसीव्हर तिथे जमिनीवरच्या सिग्नलवर सुखाने चालतो. पण शेजारच्या वाहकावर दुसऱ्या कंपनीचा उपग्रह ऐकणाऱ्या रिसीव्हरचा पुढचा टप्पा गुदमरतो, आणि लगतच्या पट्ट्यातल्या मोबाइल ब्रॉडबँडवाल्यांनाही तोच त्रास. अमेरिकेत २३४५ मेगाहर्ट्झच्या वर आणि २३२० च्या खाली असलेल्या बिनतारी सेवांशी हा वाद वर्षानुवर्षं चालला. २०१० मध्ये तिथल्या नियामकाने रिपीटरांना सरासरी १२ किलोवॅट ईआयआरपी आणि शिखर-सरासरी गुणोत्तर १३ डीबी अशी मर्यादा घातली.

उपाय आराखड्यातच करायचे असतात:

- झोताखालचा पहिला शून्यबिंदू (जिकडे अँटेना जवळपास काहीच पाठवत नाही ती दिशा) भरलेली अँटेना टाळा. ती मनोऱ्याच्या पायथ्याशी नाहक शक्ती ओतते.
- रस्ता किंवा चौक अँटेनाच्या अगदी समोर, त्याच पातळीवर येऊ देऊ नका. उड्डाणपूल हा नेहमी विसरला जाणारा धोका: नकाशावर रस्ता, प्रत्यक्षात १५ मीटर वर.
- जागा निवडताना दुसऱ्या कंपनीचे रिपीटर कुठे आहेत ते विचारा. दोघांचे एकाच मनोऱ्यावर असतील तर दोन्ही सिग्नल जवळपास सारखे कमी-जास्त होतात आणि भांडण मिटतं.

ध्रुवणाची चिंता थोडक्यात उरकते. उपग्रहाचं ध्रुवण वर्तुळाकार, रिपीटरचं सहसा उभं. गाडीवरच्या अँटेनात आकाशाकडे पाहणारा वर्तुळाकार भाग आणि क्षितिजाकडे पाहणारा उभा भाग असे दोन असतात. रिपीटरच्या हिशेबात क्षितिजाकडची वाढ धरा, आकाशाकडची नाही.

६. वेळेचं गणित

आराखडा कागदावर सुंदर आणि रस्त्यावर फसलेला, असं होतं ते बहुधा या पायरीमुळे.

ओएफडीएममध्ये प्रत्येक चिन्हाआधी (चिन्ह म्हणजे एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा) एक गार्ड इंटरव्हल, म्हणजे राखून ठेवलेला वेळ, असतो. सगळ्या रिपीटरांचे सिग्नल त्या खिडकीत पोहोचले तर एकमेकांना मदत करतात, बाहेर पडले तर गोंगाट होतात. डीव्हीबी-एसएचमध्ये ५ मेगाहर्ट्झ आणि २के मोड (सुमारे दोन हजार उपवाहकांचा) घेतला तर उपयुक्त चिन्ह ३५८.४ मायक्रोसेकंदांचं. १/८ गार्ड म्हणजे ४४.८ मायक्रोसेकंद, प्रकाशाच्या वेगाने १३.४ किलोमीटर. १/४ म्हणजे ८९.६ मायक्रोसेकंद, २६.९ किलोमीटर.

मग ८के घेऊन चौपट गार्ड का नाही मिळवायचा? डॉप्लरमुळे, म्हणजे गाडीच्या वेगाने वारंवारता सरकते म्हणून. २.२ गिगाहर्ट्झला ताशी १२० किलोमीटरवर डॉप्लर २४४ हर्ट्झ येतो. २केमध्ये उपवाहकांतलं अंतर २७९० हर्ट्झ आहे, तिथे हे जेमतेम ९ टक्के. ८केमध्ये अंतर ६९८ हर्ट्झ, म्हणजे ३५ टक्के. महामार्गावर ८के कोसळेल.

रिपीटर-रिपीटरमधला नियम सोपा: सगळे एकाच क्षणी प्रक्षेपण करत असतील, तर दोघांमधलं अंतर गार्डपेक्षा कमी असेपर्यंत कुठेही अडचण येत नाही. अंतर जास्त असेल तर दूरच्या उंच जागा, पूल, पाण्यालगतचे रस्ते इथे तपासा, कारण तिथे लांबचा सिग्नल अनपेक्षित जोरात येतो. अशा रिपीटरला काही मायक्रोसेकंदांचा कायमचा उशीर देऊन खिडकी सरकवता येते. पण एका जागी सुधारलं की दुसरीकडे बिघडतं. प्रत्येक बदलानंतर सगळा नकाशा पुन्हा चालवा.

एसएच-एमध्ये उपग्रहही याच खिडकीत बसवायचा असतो, आणि उपग्रहाची लाट शहरावर तिरकी येते. उंची कोन ४५° असेल आणि दोन जागा उपग्रहाच्या दिशेने २० किलोमीटर अंतरावर असतील, तर लाट दुसऱ्या जागी ४७ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते. प्रत्येक रिपीटर आपल्या जागी लाट आली की बोलू लागला, तर या दोघांच्या बरोबर मध्ये त्यांच्या सिग्नलांत ४७ मायक्रोसेकंदांचा फरक राहील. १/८ गार्ड तिथेच संपला.

एका रिपीटरपुरतं पाहिलं तरी दोन्ही बाजू सारख्या नसतात. त्याच ४५° कोनाला, रिपीटरपासून ५ किलोमीटर उपग्रहाच्या बाजूला उभ्या गाडीकडे उपग्रह लवकर आणि रिपीटर उशिरा येतो, फरक सुमारे २८ मायक्रोसेकंद. विरुद्ध बाजूला तेवढ्याच अंतरावर दोघेही उशिरा येतात, फरक फक्त ५. म्हणून रिपीटर त्याच्या सेवाक्षेत्राच्या मधोमध न ठेवता उपग्रहाच्या बाजूला सरकवला, तर वेळेत चांगली सवलत मिळते. ही युक्ती फुकटची आहे.

उपग्रह 'भूस्थिर' असला तरी जागेवर खिळलेला नसतो. कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असते. उत्केंद्रता ०.०००३ इतकी बारीक असली तरी अंतर दिवसभरात मध्यापासून सुमारे १२-१३ किलोमीटर इकडेतिकडे होतं, वेळेत सांगायचं तर ४२ मायक्रोसेकंद अलीकडे-पलीकडे. स्थिर उशीर भरून ठेवला तर सकाळी जुळलेलं संध्याकाळी सुटतं. फीड त्याच उपग्रहावरून येत असेल तर हा बदल दोन्ही मार्गांत सारखाच होतो आणि कापला जातो. फीड फायबरवरून किंवा दुसऱ्या उपग्रहावरून असेल, तर अपलिंक केंद्रात (जिथून उपग्रहाकडे सिग्नल पाठवतात) उपग्रहाच्या अंतराप्रमाणे उशीर सतत बदलत ठेवावा लागतो.

फीड उलगडून नवा सिग्नल घडवायलाही वेळ लागतो. त्यामुळे उपग्रहाचं मुख्य प्रसारणच अपलिंकला थोपवून धरावं लागतं, म्हणजे सर्वात हळू रिपीटरलाही तयारीला वेळ मिळतो. तो थोपवण्याचा आकडा सुरुवातीलाच सढळ हाताने ठरवा. सेवा चालू झाल्यावर बदलायचा तर सगळे रिपीटर एकदम हलवावे लागतात.

७. फीडची तजवीज

एस पट्ट्यात पावसाने फारसं बिघडत नाही. केयू पट्ट्यात बिघडतं. आराखड्यातली गंमत अशी, की मुसळधार पावसात उपग्रहाचा मूळ सिग्नल शाबूत असतो आणि त्याच्या मदतीला लावलेला रिपीटर गप्प होतो. त्या प्रदेशातल्या पावसासाठी लागणारं मार्जिन काढून डिशचा आकार ठरवा.

वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही मिनिटं फीड जातो. एका शहरातल्या सगळ्या रिपीटरांचा जवळपास एकाच वेळी जातो. महत्त्वाच्या जागांना फायबरची जोड द्या. तेही जमत नसेल तर वेळापत्रक निदान देखभालवाल्यांच्या हाती ठेवा, म्हणजे मध्येच कोणी डिश हलवणार नाही.

आणखी एक सापळा: केयू एलएनबीचं (डिशच्या तोंडाशी बसणारा, वारंवारता खाली आणणारा अँप्लिफायर) आउटपुट ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतं, आणि रिपीटर २१७० च्या वरून शंभर वॅट फेकतोय. साधी केबल आणि सैल कनेक्टर असेल तर तो सिग्नल फीड रिसीव्हरमध्ये घुसतो. लक्षण ठरलेलं: कमी शक्तीवर सगळं ठीक, पूर्ण शक्ती दिली की फीड तुटतो, रिपीटर गप्प होतो, फीड परत येतो, आणि चक्र चालू राहतं. दुहेरी आवरणाची केबल, रिसीव्हरच्या तोंडाशी फिल्टर आणि डिश-अँटेनामध्ये उभं अंतर हा त्यावरचा इलाज.

८. साइटवरची जोडणी

ओएफडीएमची शिखरं सरासरीपेक्षा १० डीबीहून जास्त वर जातात. म्हणून १०० वॅट सरासरीसाठी अँप्लिफायर बराच मोठा घ्यावा लागतो, आणि तो पाचशे-सातशे वॅट वीज खातो. बाकीची उष्णता. खोलीची हवा आणि बॅटरी दोन्ही त्या हिशेबाने ठरवा.

केबलची घट कमी लेखू नका. ७/८ इंची केबल २.२ गिगाहर्ट्झला दर १०० मीटरला सुमारे ६ डीबी खाते, अर्धा इंची साधारण ११. चाळीस मीटर अर्धा इंची केबल लावलीत तर दोन तृतीयांश शक्ती वाटेतच गेली. अँप्लिफायर वर, अँटेनाजवळ बसवता आला तर उत्तम.

वेळ जुळवायला लागणाऱ्या जीपीएसचा अँटेना आकाश मोकळं दिसेल आणि प्रक्षेपण झोताबाहेर असेल असा बसवा. ऑसिलेटर, म्हणजे रिपीटरचं घड्याळ, जीपीएस गेल्यावर किती तास तग धरतो ते तपासा. दर १० अब्जांत १ अशी चूक असेल तर तासाला ०.३६ मायक्रोसेकंद सरकतो, दिवसाला साडेआठ. ४४.८ च्या गार्डपैकी ४-५ मायक्रोसेकंद या कामाला दिले असतील, तर साधारण १२ तासांनी रिपीटरने स्वतःहून बंद झालं पाहिजे.

९. कागदपत्रं

देशागणिक नावं बदलतात, पण संच बहुतेक हाच असतो:

- वारंवारतेचा परवाना, आणि प्रत्येक रिपीटरची नोंद: अक्षांश-रेखांश, उंची, ईआयआरपी, झोताची दिशा व झुकाव
- जागेचा करार आणि चोवीस तास प्रवेशाची लेखी परवानगी
- इमारत किंवा मनोरा भार पेलेल याचा अभियंत्याचा दाखला, वाऱ्याच्या हिशेबासकट
- विमान वाहतुकीचा उंची दाखला
- किरणोत्सर्ग मर्यादेचा हिशेब

शेवटचा सोपा आहे. आयसीएनआयआरपी या किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सर्वसामान्यांसाठीची मर्यादा या पट्ट्यात दर चौरस मीटरला १० वॅट. १ किलोवॅट ईआयआरपीला झोतात अंतर २.८ मीटर येतं, १० किलोवॅटला ८.९ मीटर. परावर्तनासाठी जास्त धरा, आणि काही देशांची मर्यादा याहून कडक असते ती पाहा. गच्चीवर कपडे वाळत घालायला येणारी माणसं या वर्तुळात येत असतील तर अँटेना वर उचला.

रिपीटरवरून फक्त तिथले कार्यक्रम किंवा जाहिराती घालायचा विचार कोणाच्या डोक्यात आला, तर आधी परवाना पाहा. अमेरिकेत उपग्रहावरून येणारं तेच, त्याच वेळी पुन्हा प्रसारित करण्याची मुभा आहे. स्थानिक कार्यक्रम घालता येत नाहीत.

१०. चालू करताना

एकेक करून चालू करा. सगळे एकदम चालू केले आणि कुठेतरी बिघडलं, तर कोणाचं चुकतंय हे एसएफएनमध्ये ओळखणं महाकठीण, कारण सगळे एकच बोलतात.

प्रत्येक साइटवर आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेला भार) शक्ती, स्पेक्ट्रमचे खांदे (पट्ट्याबाहेर सांडणारा सिग्नल) आणि एमईआर (मॉड्युलेशनच्या शुद्धतेचं माप) मोजा. मग अँटेना जोडून परावर्तन (अँटेनाकडून परत येणारी शक्ती) पाहा. नंतर मोकळ्या जागी वाहिनीचा इंपल्स रिस्पॉन्स (कोणता सिग्नल किती उशिरा आला त्याचा आलेख) काढा. त्यात प्रत्येक रिपीटर एक सुळका म्हणून दिसतो. सुळका गणितातल्या जागेपासून काही मायक्रोसेकंद सरकलेला असेल, तर बहुधा कोणीतरी उपकरणाच्या आतला उशीर किंवा केबलची लांबी धरायला विसरलेलं असतं. एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांच्या मॉड्युलेटरांत हा आतला उशीर वेगळा असू शकतो.

गाडी पुन्हा त्याच मार्गांवर, त्याच चौकांत थांबून फिरवा आणि खड्ड्यांच्या पहिल्या नकाशावर टाका. त्यानंतर रात्री रहदारी कमी असताना एकेक रिपीटर बंद करून तोच मार्ग मोजा. कधीकधी एखादा रिपीटर बंद केल्यावर सेवा सुधारते. तसं झालं तर त्याचा उशीर, झुकाव किंवा शक्ती चुकलेली आहे. त्याला चालू ठेवून आणखी एक रिपीटर लावायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका.

शेजारच्या सेवेचा रिसीव्हरही गाडीत ठेवा आणि रिपीटरजवळ त्याचं काय होतं ते चालू करण्यापूर्वी व नंतर नोंदवा. पुढे तक्रार आली तर हीच नोंद कामी येते.

११. चालू झाल्यावर

दूरवरून पाहायच्या गोष्टी: शक्ती, परावर्तन, तापमान, फीडची गुणवत्ता, जीपीएसची स्थिती, बॅटरी. यापैकी तिघांवर रिपीटरने कोणाला न विचारता गप्प व्हावं अशी व्यवस्था करा: फीड गेला, वेळ सुटली, परावर्तन वाढलं. वेळ सुटलेला रिपीटर स्वतःचं क्षेत्र तर घालवतोच, शेजारच्या दोघा-तिघांचंही घालवतो. बंद पडलेला फक्त स्वतःचं घालवतो.

गप्प झाल्यावर आपोआप परत चालू होण्याआधी घड्याळ पूर्ण स्थिरावेपर्यंत थांबायला लावा. जीपीएस दिसू लागताच शक्ती देणारी यंत्रं पहिली काही मिनिटं चुकीच्या वेळेला बोलत राहतात, आणि त्या वेळेत आलेल्या तक्रारींचा मागमूस नंतर कोणत्याच नोंदवहीत सापडत नाही.

शहर बदलत राहतं. नव्या उंच इमारतीने नवा खड्डा पडतो, आणि तिच्या सावलीत फीडची डिशही येऊ शकते. खड्ड्यांचा नकाशा वर्षातून एकदा, पानं भरलेली असताना, त्याच मार्गांवर पुन्हा काढा.